सभराईची पंगत

गोइंदवालला शीख गुरुजींच्या लंगरात मी रोट्या भाजायला लागले, तेव्हापासून आमच्या मलूकादादानं माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. खत्र्यासारख्या वरच्या जातीची पोर चांभार-झाडूवाल्यांच्या मांडीला मांडी लावून जेवते म्हणजे काय! तोच दादा भर दुपारी माझ्या चुलीपाशी येऊन उभा राहिला. मागं त्याची लेक सभराई.

सभराईचा नवरा व्यापाराला काबूलला गेला आणि तिकडंच तापानं मेला. घरी आली ती नुसती त्याची पगडी. आता ती पगडी मांडीवर घेऊन पोरीनं चितेवर बसावं, असं तिच्या सासऱ्याचं म्हणणं. दादा तिला घेऊन पळून आला होता.

"गुरुजींना भेटव," तो म्हणाला. "त्यांनी आसरा दिला तर पोर वाचेल."

"आधी पंगतीत जेवायचं, मग भेट. इथं कुणालाही हेच."

"जात घालवू? मग हिच्या धाकट्या दोघी बहिणींना कोण करून घेईल?"

"आणि ही जळाली तर चालेल? धन्य आहेस रे बाबा!" माझं टाळकंच सरकलं.

दादा पंगतीपासून लांब सरकून उभा राहिला. सभराई मात्र म्हणाली, "आत्या, मला भूक लागलीय," आणि सरळ जाऊन एका झाडूवालीशेजारी बसली. मी डाळ-रोटी वाढली. सुतकात तिला धड खाऊही दिलं नव्हतं मेल्यांनी, पोर नुसती तुटून पडली.

तेवढ्यात तिचा सासरा हरदास पुतण्यांना घेऊन आला. पंगत बघून जागीच थबकला.

"बाटली ही! आता चितेवर चढली तर माझ्या पोराला नरक मिळेल. नको आम्हाला." मग दादाकडं वळला. "व्याही, तुम्ही अजून उभेच आहात, तुमची जात शाबूत आहे. लेक मेली म्हणून आंघोळ करा नि चला. धाकट्यांची स्थळं मी बघतो."

पोर तर वाचली होती. दादानं फक्त निघायचं होतं. सभराईनं घास हातात धरून बापाकडं बघितलं.

"जिवंत लेकीची आंघोळ कसली करता?" दादा म्हणाला. जोडे काढून तो तिच्याशेजारी बसला. मी पळत रोटी आणेपर्यंत त्यानं तिच्या पुढ्यातली उष्टी उचलून तोंडात घातली होती.

"बाबा, धाकट्यांचं काय आता?" सभराईनं विचारलं.

"काय माहीत," दादा म्हणाला आणि घास तोंडात तसाच ठेवून रडायला लागला.