अव्वाच्या फडक्यातला समुद्र

निपाणीत समुद्र आणायचा म्हटल्यावर हेडमास्तर हसले. "ब्राह्मीबाई, हितं प्यायचं पाणी दिवसाआड येतंय, आन् तुमी खारं पाणी आणताय?" मला हसणाऱ्यांचा लई राग. म्हटलं, "आणते म्हटलं ना सर? मग आणते."

आणला की! चौऱ्याऐंशी सालची दिवाळीची सुट्टी. वेंगुर्ल्याला ओहोटीच्या वेळी खडकांतनं दोन धोंडे उचलले. धोंड्यांवर प्रवाळ चिकटलेलं. दिसायला बारीक फुलांचा गुच्छ, पण फुलं न्हवंत, जिते प्राणी. येताना एस्टीच्या कंडक्टर सत्याप्पानं समुद्राच्या पाण्याच्या कॅनांचं तिकीट काय मागितलं न्हाय. पण आंबोलीच्या घाटात एक कॅन कलंडला, तेव्हा तो जे बोलला ते बाईमाणसानं सांगण्यासारखं न्हाय.

नववीच्या वर्गात खिडकीजवळ काचेची पेटी मांडली. तळाला वाळू, वर धोंडे, आणि बुडबुडे सोडणारा एक पंप. दुपारचं ऊन पेटीतनं आरपार जायचं आणि छतावर, भिंतीवर, फळ्यावर पाणी हलायचं. बाहेर वखारींतल्या तंबाखूचा खकाणा, अख्खा रस्ता शिंकतोय, आणि आत सगळं निळसर, गार. दंगेखोर पोरंसुद्धा हळू बोलायला लागली, हळू चालायला लागली. माझं फळ्यावरचं अक्षर डुलायचं. शिकवता शिकवता वाटायचं, आपण सगळीच बुडालोय आणि कुणालाच वर यायची घाई न्हाय. लई सुख होतं बघा त्यात.

पण फुलं मिटलेली. आणल्यापासनं एक उमललं न्हाय. नुसते राखी गोळे.

आणि मला धाक होता तो अव्वाचा. अव्वा म्हणजे माझी आई, चंपाबाई. आम्ही जैन. अव्वा जन्मभर पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून घेणार, आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव परत त्याच विहिरीत नेऊन सोडणार. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात, हा तिचा कायदा. पेटीचं ऐकल्यावर तिनं मला समोर बसवून अट घातली होती. "तुझ्या पेटीत जीव मरायचा न्हाय. मेला, तर धोंडं उचलायचं आन् जितनं आणलंस तितं सोडून यायचं. कबूल?" मी "व्हय" म्हणून मोकळी झाले होते. आता रोज शाळा भरायच्या आधी येऊन मी ते गोळे निरखायचे. पेटी गेली तर ह्या पोरांना समुद्र कोण दाखवणार? त्यांच्या आयांचा जन्म तंबाखू चाळण्यात चाललेला.

पाणी बदलून बघावं म्हणून सत्याप्पाकडनं समुद्राच्या पाण्याचा नवा कॅन मागवला. कॅन आमच्या घरी उतरवला आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात अव्वानं तो गाळला! तिच्या घरात न गाळलेलं पाणी? शक्यच न्हाय. मी बाहेर येते तर गाळलेल्या पाण्याची घागर भरलेली, आणि फडकं धुतलेलं गढूळ पाणी वाटीत घेऊन अव्वा हवालदिल बसलेली.

"ह्यांला आता कुठं सोडू गं? ही काय आपल्या हिरीतली न्हवंत. वाटी घेऊन वेंगुर्ल्याला जाऊ व्हय?"

मला हसू आलं. "अगं, पेटीत सोड की. पाणी तेच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाय. विज्ञानाची बाई म्हणे!

अव्वा पदराआड वाटी धरून शाळेत आली. पोरं उभी राहिली. तिनं णमोकार मंत्र म्हणत वाटी अलगद पेटीत ओतली. गढूळ धूर पाण्यात पसरला, धोंड्यांवरनं फिरला. आणि एक गोळा हलला. मग दुसरा. बघता बघता अख्खा धोंडा उमलला, हिरवा, जांभळा, शेकडो बारीक बोटं पाण्यात डुलायला लागली. छतावरचं पाणी अव्वाच्या तोंडावर हलत होतं, आणि माझी म्हातारी आई लहान पोरीगत हसत होती.

"बघ गं बाई, माज्या हातानं उमललं!" मग पोरांच्या देखत तिनं मला विचारलं, "कशानं उमललं गं?"

आता मला कळलं होतं. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. डोळ्यांना दिसतं तेच सांगायचं, हे त्यांना शिकवणारी मीच.

"अव्वा, ती खायला उमलली. उपाशी होती. तू जे जीव सोडलेस ना, ते खातायत."

अव्वाचं हसू तिथंच राहिलं. मला वाटलं, संपलं. आता म्हणेल, उचल धोंडं. ती पेटीवर वाकली. ती बोटं एकेक करून मिटत होती, पुन्हा उघडत होती. इतकं देखणं मी आयुष्यात दुसरं काही पाहिलं न्हाय.

"समुद्रात बी हेच खात असतील," ती म्हणाली.

"व्हय, अव्वा."

"खाऊ देत. त्येंचा धर्म त्यो. पण तितं ओतणारा हात माजा नसतोय."

पदरानं वाटी पुसत ती घरी गेली. धोंडे परत न्यायला तिनं मला कधीच सांगितलं न्हाय. घरात न गाळलेलं पाणी ठेवणंही तिला जमलं न्हाय. पुढच्या खेपेचा कॅन आला, तिनं नेहमीसारखा गाळला, फडकं धुतलं. वाटी माझ्यापुढं ठेवली आणि देवळाला निघून गेली.

वर्गात मी एकटीनं, माझ्या हातानं ओतलं. फुलं उमलली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला रडू आवरेना.