सावळेरामबुवांची मेलेली कोंबडी

कोंबडी मेली होती. खळ्याभोवती बसलेल्या एकूण एक माणसाची तशी खात्री पटली होती. राखेच्या रेघेवर चोच टेकून ती आडवी पडली होती. डोळे सताड उघडे, पाय ताठ. तिच्या डोक्याशी उभे राहून सावळेरामबुवा घोगऱ्या, हळू आवाजात बोलत होते.

"कुणी हलायचं न्हाई. खोकायचं न्हाई. पोरं उगी करा. हिचा जीव काढून घेतलाय मी. आता त्यो घरोघर हिंडंल, आन जिथं पाप आसंल तितनंच माघारी यील."

तळेघरच्या वरच्या अंगाला डोंगरात ही वाडी आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना तिथंच राहायचं आहे. मी त्या भागातली जनावरांची डॉक्टर. वाडीत कोंबड्या पटापट मरताहेत असा निरोप आला, म्हणून लशीच्या बाटल्या बर्फात घालून सकाळीच चढ चढून वर आले होते. पण खुराड्यांकडे कुणी नव्हतंच. सगळी वाडी चिमाजीच्या खळ्यावर होती.

"पुन्यात डॉक्टर लोक मानसाला मशिनीत घालत्यात," बुवा सांगत होते. "आपलं मशिन ह्ये, दोन पायाचं! लाइट लागत न्हाई, रिपोर्ट जाग्यावर!"

हसलं कुणीच नाही. लोक हात जोडून बसले होते.

बुवा एकेक घर पुकारू लागले. "गोकुळाचं घर..." कोंबडी ढिम्म. "चिमाजीचं घर..." ढिम्म. बुवा गोल फिरत कोंबडीच्या मागे आले. "मंगलचं घर!" आणि त्याच क्षणी त्यांच्या हातातला लोखंडी चिमटा दगडावर खणकन आपटला.

कोंबडी टुणकन उठली आणि लोकांच्या पायांतून वाट काढत पेंढ्याच्या उडवीखाली पळाली.

खळ्यावर एकच आरडाओरड उठली. बायांनी पोरं ओढून पदराखाली घेतली. उडवीजवळ उभ्या असलेल्या मंगलच्या आसपासची जागा बघता बघता रिकामी झाली. मंगल चाळिशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि बारा वर्षांची मुलगी आरोही. 

चिमाजी वाडीतला वडीलधारा माणूस. तो उठला. "मंगल, कोंबड्या तुज्यामुळं मेल्या, माजी नात तुज्यामुळं पडलीया. दिस मावळायच्या आत वाडी सोडायची. न्हाईतर बुवा सांगतील तसा उतारा करायचा. तुजी ती झिपरी कोंबडी द्यायची आन तापल्या तेलात हात घालायचा."

मी पुढे झाले. "चिमाजीदादा, हा कोंबड्यांचा आजार आहे. ह्याला मानमोडी म्हणतात. लस आहे माझ्याकडे."

"डॉक्टरीणबाई, तुमी तुमच्या सुया टोचा. ह्ये तुमच्या पुस्तकातलं न्हाई."

वाडीचे पोलीस पाटील तिथंच मांडी घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला.

पण माझं सगळं लक्ष चिमाजीच्या ओसरीवर होतं. तिथं त्याची सून इंद्रायणी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. सहा-सात महिन्यांची मुलगी, प्रांजल. मी माणसांची डॉक्टर नाही, पण धाप लागलेलं पिल्लू मला कळतं. प्रत्येक श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओठ निळसर दिसत होते.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," मी इंद्रायणीला म्हणाले.

तिने आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे रडून रडून कोरडे पडले होते. "बुवा म्हणलं, उतारा झाल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई. वाटंतच जाईल म्हणलं." मग अगदी हळू तिने विचारलं, "खरंच जाईल का वो बाई?"

मी टेकाडावर धावले. तिथं फोनला रेंज येते. १०८ ला फोन केला, पोलीस ठाण्यालाही केला. गाडी निघते म्हणाले, पण घाटाचा रस्ता, वेळ लागणार. आणि गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येणार. पण तिथपर्यंत न्यायला बाळाला घराबाहेर कोण काढू देणार?

परत येताना मंगलच्या घरात शिरले. आरोही दाराआड दोन्ही कोंबड्या कुशीत घेऊन बसली होती, मंगल विझल्या चुलीपुढं.

"झिपरीला मारतील का वो?"

तेव्हा मी त्या कोंबड्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. एकीची पिसं उलटी, बाहेरच्या बाजूला वळलेली, वाऱ्यात विस्कटल्यासारखी. दुसरीच्या मानेवर एकही पीस नाही, लालबुंद कातडी. आरोहीनं त्यांची नावं झिपरी आणि बोडकी ठेवली होती. मागं मंगल अवसरीला मजुरीवर बटाटा काढायला गेली होती. तिथल्या गजराबाई लेकाकडे शहरात राहायला चालल्या होत्या. त्यांनी आरोहीसाठी म्हणून ही जोडी दिली. मंगलनं ती डालग्यात घालून एसटीनं आणली. वाडीनं असल्या कोंबड्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत वाडीतल्या कोंबड्या मान पिळल्यासारख्या वाकड्या होऊन, गोल गोल फिरून मरायला लागल्या. मंगलच्या मात्र दोन्ही ठणठणीत.

"माज्याच कश्या जगल्या? मलाबी कळत न्हाई," मंगल म्हणाली. "आता मलाच भ्या वाटतंय बाई. माज्या अंगात खरंच काय आसलं तर?"

तिच्यावरचा आळ तिलाच खरा वाटायला लागला होता.

मी झिपरीला हातात घेतलं. "ही जातच अशी असते, मंगलताई. पिसं उलटी उगवतात, आईबापाकडून आलेली असतात. आपले डोळे घारे असतात, केस कुरळे असतात, तसंच. आणि ही उघड्या मानेची जात. उन्हाळा हिला सोसतो, बाकी काही नाही. गजराबाईंनी ह्यांना लस दिली होती का?"

"सुई दिल्याली हाय म्हणल्या व्हत्या."

"म्हणून जगल्या. आता सांगा, वाडीत पहिल्यांदा मेलं ते कुणाचं?"

ती आठवू लागली. "चिमाजीदादाचा कोंबडा. बाजारातनं नवाच आणला व्हता. आला त्योच झिंगत व्हता."

"नवी कोंबडी आणली की दोन-तीन आठवडे वेगळी डालायची असते. त्यानं तो कोंबडा सरळ सगळ्यांत सोडला. रोग तिथून पसरला."

मंगलनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आन ती मेलेली उठली ती?"

मी बोडकीला जमिनीवर आडवी केली, डोकं अलगद दाबून धरलं, चोचीपासून पुढं बोटानं रेघ ओढली आणि हात हळूच काढून घेतला. बोडकी निपचित पडून राहिली. मी टाळी वाजवली, बोडकी उठून पळाली.

"कोल्ह्यानं नाहीतर ससाण्यानं धरली की कोंबडी भीतीनं अशी गोठते. आवाज झाला, धक्का बसला की उठते. बुवांनी सगळ्यांना गप्प का बसवलं? आणि तुमच्या नावाला चिमटा का आपटला?"

मंगलनं बोडकीला परत धरलं आणि स्वतः करून पाहिलं. पुन्हा केलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं. "मी दावते समद्यांना," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं आता. करून दाखवलं की लोकांचे डोळे उघडतील. माझा हा समज किती भाबडा होता, ते दुपारी कळलं.

खळ्यावर चूल पेटली होती, कढईत तेल होतं. मंगल झिपरीला काखेत घेऊन मधोमध गेली. "बुवांनी क्येलं त्ये मीबी करती. बगा." तिनं झिपरीला आडवं केलं, रेघ ओढली, हात काढला. झिपरी निपचित.

बाया पुढं सरकून बघू लागल्या. मग एक बाई किंचाळली, "हिलाबी इद्या येती! बगा, हिलाबी येती!"

बुवा मुरलेला माणूस. तो लगेच गरजला, "म्हणलं न्हवतं मी? गुरूबिगर ही इद्या फकस्त चेटकिणीलाच येती! तिनं सोताच कबूल क्येलं!"

एक दगड आला. मंगलच्या भुवईवर लागला. झिपरी उठून पळाली. मी मंगलच्या पुढं उभी राहून घसा फोडून ओरडत होते, कोल्हा, भीती, चिमटा, सगळं सांगत होते. माझं कुणाला ऐकूच येत नव्हतं. आणि मी करून दाखवलं असतं तर म्हणाले असते, शिकलेली बाई, काहीतरी औषध चारलं असेल. भुवईतलं रक्त मंगलच्या डोळ्यात ओघळत होतं. दोन गड्यांनी तिचे दंड धरून तिला कढईकडे ओढायला सुरुवात केली. आरोहीची किंकाळी मला अजून ऐकू येते.

तेवढ्यात इंद्रायणी ओसरीवरून उतरली. सरळ माझ्यासमोर आली आणि बाळ माझ्या हातात दिलं. "धरा." मग ती बुवांच्या डालग्याकडे गेली आणि त्यांचीच कोंबडी बाहेर काढली.

"ए पोरी, हात लावू नगं तिला!" बुवा ओरडला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला होता.

पहिल्या खेपेला कोंबडी फडफडून निसटली. तिनं पुन्हा पकडली, मंगलनं धरली होती तशी धरली, रेघ ओढली. हात काढला. कोंबडी मेल्यासारखी पडून राहिली.

"मामंजी," इंद्रायणी म्हणाली, "मी चेटकीण हाय का?"

चिमाजीनं मान फिरवली.

"बोला की! मला कुणी मंतर दिला न्हाई. मी मंगलकाकूकडं बगितलं आन क्येलं. मी चेटकीण आसंल तर माज्या लेकीला मीच खाती म्हणा. तेलात माजाबी हात घाला." तिनं पाय आपटला. कोंबडी उठून पळाली. "न्हाईतर मला वाट सोडा."

मंगलचे दंड धरणाऱ्यांचे हात आपोआप सुटले. अंबाबाई, चिमाजीची बायको, काठी टेकत पुढं आली. "बगू, मला येतंय का." तिलाही आलं. मग गोकुळानं केलं, मग आणखी कुणी. बुवा झोळी भरू लागला, पण आता त्याला उठू द्यायला कुणी तयार नव्हतं. पोलीस पाटलांना एकाएकी आपल्या पदाची आठवण झाली. मी पुन्हा सगळं सांगितलं. ह्या वेळी लोकांनी ऐकलं.

इंद्रायणी ऐकायला थांबली नव्हती. बाळाला माझ्याकडून घेऊन ती खालच्या रस्त्याकडे धावत सुटली होती. चिमाजीनं घोंगडी उचलली आणि तिच्यामागे निघाला. मी मंगलच्या जखमेवर पट्टी बांधून तिला घेऊन मागोमाग गेले. गाडी येऊन उभी होती. घाटभर इंद्रायणी एकच विचारत होती, "सुरू हाय ना वो श्वास? सुरू हाय ना?" चिमाजी खाली मान घालून नातीचे तळपाय चोळत होता.

प्रांजल वाचली. निमोनिया होता. बरेच दिवस ऑक्सिजनवर होती. अजूनही थंडी पडली की तिची छाती वाजते. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी चिमाजीला तोंडावर सांगितलं.

मंगलच्या भुवईवर टाके पडले. तिनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, दगड मारणाऱ्याचं नावही दिलं. वाडीतले लोक माफी मागायला आले तेव्हा ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. मी उरलेल्या कोंबड्यांना लस दिली, पण बरीचशी खुराडी रिकामीच होती. पोलिसांनी नेलेला बुवा आता जामिनावर सुटला आहे आणि दुसऱ्या तालुक्यात कुठंतरी अशीच कोंबडी घेऊन बसतो असं ऐकते. म्हणून हे लिहिते आहे.

कदाचित तो उद्या तुमच्या गावात येईल. कोंबडीऐवजी त्याच्या हातात नारळ असेल, लिंबू असेल, अंगारा असेल. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तुम्ही घाबरलेले असाल, आणि त्याला ते बरोबर कळेल. आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या. आणि मग त्या माणसाला, सगळ्यांच्या देखत, एवढंच म्हणा: "ते इकडं द्या. मी करून बघते."