चौकटीवरचा त्रिशूळ

घरात लेकरू तापानं फणफणलं, तर आधी औषध शोधावं की वैरी? सोनाळ्याच्या वच्छलाबाईंनी वैरी शोधला, आणि तो लगेच सापडलाही!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वच्छलाबाईंच्या मुलानं, उत्तमरावांनी, खामगावला बदलून गेलेल्या ओव्हरसियर रोहेकरांचं घर विकत घेतलं होतं. चैतातल्या दुपारी सून पुष्पाबाई तापलेल्या लेकराजवळ पेंगत पडली होती. सावरीच्या कापसाची म्हातारी वाऱ्यावर तरंगत आत येई आणि तिला वाटे, सगळं घरच हळूहळू कुठंतरी वाहत चाललंय. त्या गुंगीत तिला गोजरबाई येताना दिसली. घरकामाला येणारी ही विधवा चौकटीला बोटं टेकवी, ती ओठांना लावी आणि मगच पाऊल आत टाकी. पुष्पाबाईला ते रोज पाहायला फार आवडे.

आज वच्छलाबाईंनीही पाहिलं. चौकटीवर करंगळीएवढी पितळी नळी तिरकी ठोकलेली, आणि तिच्यावर त्रिशूळ कोरलेला!

"करणी!" त्या ओरडल्या. "काऊन वं गोजरे, माह्या नातवाले खाऊन राह्यली?"

"नाही हो बाई! पयलीवाली बाई असंच करे. देवाचं हाये म्हने."

कोण ऐकतं? गोजरबाई चेटकीण, असं दिवस मावळायच्या आत गावभर झालं. विहिरीवर बाया गोजरबाईची घागर दूर सारू लागल्या. उत्तमराव नळी उपटून मांत्रिकाकडे निघाले, तेव्हा पुष्पाबाई खडबडून उठली आणि दार अडवून उभी राहिली.

"मांत्रिकाले काय इचारता? ज्याईचं घर होतं त्याईले इचारा! अन् लेकराले दवाखान्यात न्या पयले."

खामगावला दोन्ही झालं. औषधानं ताप उतरला, आणि नळी पाहून ओव्हरसियरांच्या पत्नी रिबकाबाई रोहेकर स्वतःच सोनाळ्याला आल्या. नेसणं नऊवारी, बोलणं मराठी, फक्त कपाळ मोकळं.

"घर सोडताना ही काढायची राहूनच गेली," त्या म्हणाल्या. "हा मेझुझा. आम्ही ज्यू, कोकणातले बेने इस्राएल. हा त्रिशूळ नाही हो, शीन आहे, आमच्या लिपीतलं अक्षर. देवाच्या नावाचं."

"मंग आतमंदी काय हाये?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"शास्त्रवचन. देव एक आहे, त्याच्यावर जिवापाड प्रेम करा, लेकरांनाही हेच शिकवा. तुम्ही दारावर शुभ-लाभ लिहिता, त्यानं कुणाचं लेकरू आजारी पडलं का? अनोळखी अक्षराची भीती वाटते, कबूल! मग विचारावं. गोजरबाईनं माझी लेकरं वाढवली. त्या बाईवर आळ घेताना तुमची जीभ कशी रेटली?"

पुष्पाबाईला हे ऐकताना रडू आलं. वच्छलाबाई उठल्या आणि तडक गोजरबाईच्या दारात गेल्या.

"चुकलं माहं. चाल वं घरी."

"माफ केलं बाई," गोजरबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "पन चेटकीन म्हनलं ते गावानं आयकलं. हे माफीचं कोनं आयकलं?"

केवढं खरं बोलली ती! वच्छलाबाई तिचा हात धरून विहिरीवर गेल्या आणि भरल्या पाणवठ्यावर ओरडल्या, "बायाहो, मी खोटं बोलली! गोजराचा काई गुन्हा नाही!"

वाचकहो, परक्याच्या देवाचा अर्थ विचारला तर कळतो. न विचारता ज्याच्यावर आळ घेतला, त्याची माफी बंद दाराआड मागू नका. आळ चारचौघांत घेतलात ना? मग माफीही चारचौघांतच मागा!