जावेदचा अंगठा

कबरीच्या कडेला उकिडवं बसून जावेदनं मातीच्या तीन मुठींपैकी पहिली भरली आणि खिशातला फोन थरथरला. खाली फळ्यांआड अब्बा दिसेनासे झाले होते.

"घे, भाई," धाकटा कासिम म्हणाला. "नाहीतर इथंपण येतील तुझे ऑफिसवाले."

तेजस्विनी होती, त्याच्या टीममधली. "सर, माफ करा, मला कळतंय आज... पण मुख्य सर्व्हर बसलाय. सगळ्या हॉस्पिटलांचे स्क्रीन अडकलेत. आयसीयूत कुणाला कुठलं औषध द्यायचं, दिसत नाहीये."

"राखीव सर्व्हर?"

"तयार आहे. तुमच्या 'हो'साठी थांबलाय."

मुख्य सर्व्हर बंद पडल्यास राखीव सर्व्हरनं आपणहून कारभार हाती घेऊ नये. माणसाची परवानगी हवी.

हे जावेदनंच लिहिलं होतं. दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजू लागले, तर एकाच पेशंटच्या दोन वेगळ्या नोंदी होतात, म्हणून.

परवानगी देणारे : एक, जावेद. दोन,

दोन रिकामं होतं. साई नोकरी सोडून गेला तेव्हापासून जावेद दर मीटिंगमध्ये माणूस मागत होता. सर्व्हर राखीव, वीज राखीव, इंटरनेटची लाइनसुद्धा राखीव. माणूस पुढच्या बजेटमध्ये.

पासवर्ड चालणार नाही. अंगठाच हवा.

हेही त्याचंच.

मूठ कडेच्या ढिगावरच परत सोडून त्यानं फोनवर अंगठा टेकवला. ओळख पटली नाही. सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवला. नाही. रेषांमध्ये ओली माती बसली होती.

"सर?"

"थांब. पाणी बघतो."

नळ फाटकापाशी. शनिवार पेठेतले शेजारी, मामू, सगळे माती द्यायला पुढे येत होते. तो उलटा निघाला. लोक नजर चुकवत त्याला वाट देत होते.

त्यानं अंगठा घासला. नखातलं काळंही काढलं. कोरडा करून पुन्हा टेकवला.

हो.

"आलं सर, चालू झालं." तेजस्विनी जरा घुटमळली. "बाबांचं... झालं का सगळं?"

"चालू आहे," तो म्हणाला.

परतला तेव्हा कबर भरली होती. एक जण फावड्यानं कडा थापत होता, दुसरा वर पाणी शिंपत होता.

"तुझ्या वाटच्या तिन्ही मुठी मीच टाकल्या," कासिम म्हणाला. "परवानगी विचारायला तू नव्हतास."

"बरं केलंस."

दुआ सुरू झाली. सगळ्यांनी हात उघडले. प्रत्येकाच्या तळव्याला माती होती. जावेदचे हात स्वच्छ होते. अंगठ्यावरून अजून पाणी ठिबकत होतं.