कट्यारीचा शुक्रवार

त्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत दर शुक्रवारी, चहानंतर, शब्द मारले जात. ज्याचा छापील वापर पन्नास वर्षांत सापडला नाही, त्याच्यापुढे बारीकशी कट्यारीची खूण (†). की झाला मृत. एका शुक्रवारी पाळी 'नेश'ची आली आणि उपसंपादक एनिड बर्टल्सचं बिस्किट चहात बुडालं.

नेश म्हणजे जरा गारवा लागला की कुडकुडणारा. एनिडच्या गावी, लीकला, शाळेत कुणी स्वेटर घातला की पोरं हेच ओरडायची.

"मूळ हजार वर्षांपूर्वीचं, अर्थ मऊ. घराणं उत्तम!" मुख्य संपादक ज्युलियन फॅनशॉ म्हणाला. हीटर चालू असूनही तो मफलर गुंडाळून बसला होता. "एनिड, मृत्युलेख तूच लिही."

"ज्युलियन, आज सकाळीच आईनं मला फोनवर नेश म्हटलं."

"छापून म्हटलं का?"

सगळे हसले. एनिडची कानशिलं तापली. हजार वर्षं जगलेल्या शब्दाला हा माणूस मफलरातून फाशी सुनावत होता!

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. डोरीनबाई भडकल्या. "मेला? मग परवा बिंगोच्या खेळात 'मी नेश' म्हणत खिडकी कोण लावून घेत होतं, भूत?"

त्यांनी गावच्या साप्ताहिकाला पत्र ठोकलं : ज्येष्ठांच्या सभागृहातला हीटर नगरपालिकेनं बंद केला, आम्ही नेश नाही, म्हाताऱ्या आहोत. पत्र छापून आलं. एनिडनं कात्रण टेबलावर आपटलं.

"आईचं? नात्यातला पुरावा चालत नाही," फॅनशॉ गोड हसला.

पण लीकची माणसं पत्र वाचून गप्प बसणारी नव्हती. पुढच्या अंकात पानभर भांडण : बिंगोवाल्या बायकाच नेश, नगरपालिकेचे बाबू त्यांच्याहून नेश. लिहिणाऱ्यांत एकही बर्टल्स नव्हता. फॅनशॉनं मुकाट्यानं कट्यार पुसली.

महिन्याभरानं एका मासिकात त्याचा लेख आला : 'मी एक शब्द जिवंत केला.' सोबत फोटो, मफलरासकट. एनिडनं संतापून लेख आईला फोनवर वाचून दाखवला, फोटोचंही सांगितलं.

"एनिड, तो शब्द मेलाच कधी होता? आणि फोटोत काय घातलंय त्यानं?"

"मफलर."

"घरात?"

"घरात."

"मग छाप की तो फोटो," डोरीनबाई म्हणाल्या, "पुरावा म्हणून."

शुक्रवारी एनिडनं 'नेश'च्या नोंदीखाली फॅनशॉचा फोटो चिकटवला आणि स्वतःच्या सहीनिशी छापखान्याकडे धाडला.