अण्णाच्या कॉम्प्युटरचा वेग

आमच्या घरात आयुधपूजेला कॉम्प्युटरही मांडतात. स्कूटर, शिवणयंत्र, मिक्सर, माझा ऑफिसचा लॅपटॉप, आणि शेवटी अण्णाचा पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा. वैनी एकेकाला हळद-कुंकू लावते, अक्षता टाकते आणि फुलाने पाणी शिंपडते. लॅपटॉप मी वेळेवर उचलून घेतो. अण्णाचा डबा मात्र वर्षानुवर्षं निमूटपणे तीर्थ पीत आला. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सुरूच झाला नाही.

मी स्क्रू काढून झाकण उघडलं. आत मदरबोर्डवर अक्षता पडल्या होत्या, कुंकवाचा थर बसला होता आणि एका कोपऱ्यात हिरवा गंज चढून तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या होत्या.

"काय झालं?" वैनीने दारातून विचारलं.

"काही नाही. तुझी भक्ती फळाला आली."

तिचा चेहरा उतरला. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग विचार करते. वैनी या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून तिला अगंतुगं करतो आणि तीही माझं ऐकून घेते. पण त्या दिवशी तिला बोलायला नको होतं. ती यंत्रांना पाणी शिंपडत होती ते अण्णासाठीच.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, वादिराज. बंगळुरूच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात त्याने उभा जन्म लेथ मशीनवर काढला. मला हनुमंतनगराच्या या घरातून इंजिनिअरिंगला त्यानेच पाठवलं, आणि माझ्या नावाखाली हा कॉम्प्युटरही त्यानेच घेतला. अभ्यास मी केला असेन नसेन, पण खेळायला रोज अण्णाच बसायचा. खेळ एकच, गाडीचा. वाळवंट, मग जंगल, मग घाटाचा रस्ता. त्या घाटाला त्याने कर्नाटकातल्या खऱ्या घाटावरून आगुंबे नाव दिलं होतं आणि त्यातलं वळण न् वळण त्याला पाठ होतं.

आता अण्णाला कंपवात आहे. शर्टाची बटणं वैनी लावते, दाढी मी करून देतो, सांबारभात चमच्याने भरवावा लागतो. हे तो काहीही न बोलता करून घेतो. न बोलता म्हणजे खरंच न बोलता. घर डोक्यावर घेणारा माणूस, कारखान्यात त्याचा आवाज मशीनच्या वर जायचा म्हणे, तो आता "सरी" म्हणजे ठीक आणि "बिडू" म्हणजे राहू दे, एवढ्या दोन कन्नड शब्दांवर दिवस काढतो. फक्त संध्याकाळी तो भिंत धरत त्या डब्यापुढे जाऊन बसायचा, स्वतः बटण दाबायचा आणि आगुंबे चढायचा. तेवढ्या वेळात त्याला कोणाचा हात लागत नसे. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, आणि तेच आता बंद पडलं होतं.

अण्णाची मुलगी सुप्रीता सर्जापूर रोडला राहते. ती तोच खेळ एका टॅबवर घालून घेऊन आली. अण्णाने बोट टेकवलं तर ते तिथेच थरथरत राहिलं आणि गाडी दोन्हीकडे लगालगा वळत झाडावर गेली. जुना कीबोर्ड जड आहे. त्याची बटणं जोराने दाबल्याशिवाय दबत नाहीत, थरथरीला दाद देत नाहीत. नव्या पातळ कीबोर्डचंही तेच झालं. जुन्या कीबोर्डचा प्लग नव्या कॉम्प्युटरला बसत नाही, त्याला जुनाच मदरबोर्ड लागणार होता.

शनिवारी मी एस. पी. रोडला गेलो. तिथे मागच्या गल्लीत जुन्या मालाचं एक दुकान आहे. दुकानदार नागोजी, आमच्यातलाच, मराठी बोलणारा.

"तुमच्याकडे होता तसला बोर्ड आता मिळायचा नाही, सर," तो म्हणाला. "त्याच्या पुढचा आहे. त्याच पेटीत बसतो, कीबोर्डही तोच चालतो. प्रोसेसर मात्र कोणता देऊ? हळूचा आहे, जोराचाही आहे."

"जोराचा द्या," मी म्हणालो. व्हाइटफील्डला कॉम्प्युटरवर आयुष्य गेलेला माणूस मी. भावासाठी करायचं तर चांगलंच करू, एवढीच माझी अक्कल.

रविवारी सकाळी कामाला लागलो. अण्णा कॉटवर बसून बघत होता. गंजलेला बोर्ड निघाला, नवा बसला. प्रोसेसर खाचेत ठेवून दांडी खाली दाबली, वर पंखा चढवला. वीज देणारे दोन प्लग लावताना काळ्या वायरी मधोमध शेजारी येतील असं बघावं लागतं, नाहीतर सगळं जळून जातं. मी दोनदा तपासलं. अण्णाने कॉटवरून मान हलवली तेव्हाच बटण दाबलं.

सुरू झाला. वैनीने हात जोडले, पण पाणी शिंपडलं नाही.

अण्णा खुर्चीत बसला आणि खेळ लावला. गाडी सुटली ती अशी की वाळवंट कधी आलं न् गेलं ते कळलंच नाही. धडकली. पुन्हा सुटली, पुन्हा धडकली. खेळ इतका जुना की गाडीचा वेग प्रोसेसरच्या वेगावर चालतो. प्रोसेसर जितका जोराचा, तितकी गाडी वेडी. हे मला ठाऊक असायला हवं होतं आणि विकत घेताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

अण्णाने हात मांडीवर ठेवले. "छान झालंय," तो म्हणाला. "नवा आहे, स्वल्प जोरात जाणारच." मग तो उठून गेला आणि रात्री जेवला नाही.

सोमवारी मी पुन्हा त्या दुकानात गेलो तर हळूचा प्रोसेसर कोणीतरी घेऊन गेलं होतं. मग सुप्रीताने एक जुनं छोटं सॉफ्टवेअर शोधून दिलं. ते प्रोसेसरला मुद्दाम रोखून धरतं. किती रोखायचं तो आकडा द्यायचा, बस. मी आकडा कमीजास्त करत गाडी पूर्वीच्या चालीवर आणली. अण्णाला सांगितलं की सेटिंग चुकलं होतं, आता दुरुस्त केलं. त्या संध्याकाळी तो आगुंब्याच्या अर्ध्यापर्यंत गेला आणि मला सुटल्यासारखं झालं.

तिथेच थांबलो असतो तर बरं होतं.

थंडी सुरू झाली तसे अण्णाचे हात आणखी आखडले. गाडी जंगलातच धडकायला लागली. तो उठताना माझ्याकडे बघायचा नाही. मला ते सहन होईना. एके दिवशी तो आंघोळीला गेला असताना मी आकडा थोडा वाढवला. गाडी किंचित हळू झाली, अण्णा जंगल पार करून आला. पुढे डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मी आकडा वाढवला. मग दर थोड्या दिवसांनी. वैनीला माहीत होतं. आमच्या घरात आजारी माणसाला खरं सांगायची पद्धतच नाही. वडिलांना शेवटपर्यंत पोट बिघडलंय म्हणूनच सांगितलं होतं. म्हणून तिनेही मला अडवलं नाही.

अण्णा पुन्हा आगुंबे चढायला लागला. एकदा तर माथ्यावर पोचला. पण तोंडावर हसू आलं नाही.

मकर संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी वैनी नेहमीसारखी त्याच्याजवळ कॉफीचा लोटा ठेवून गेली. खेळ संपल्यावरच कॉफी प्यायची, असा त्याचा जुना नेम. मी बाजूला बसून ऑफिसचं काही बघत होतो. अण्णाने गाडी मध्येच थांबवली.

"श्रीवत्स, किती हळू केलंस?"

"काय?"

"खेळ संपेपर्यंत कॉफीवर साय धरतेय. आधी धरत नव्हती. वाटेतली झाडं मी मोजू शकतो आता. किती हळू केलंस, सांग."

"बोर्ड जुना आहे अण्णा, तापला की—"

"खोटं बोलू नकोस." आवाज चढला नाही, तेच मला जास्त लागलं. "मी मशीनवर काम केलंय. हात चालत नाहीत, कळत सगळं आहे. तुम्ही माझ्याशी सगळे हळू बोलता, हळू चालता, मी शिंकलो तरी धावत येता. आता रस्तापण हळू केलात. मी चढतोय असं मला वाटायला लावलंत. मी चढत नव्हतो की रे."

मी लॅपटॉप मिटवून बाजूला ठेवला.

"काढ ते," अण्णा म्हणाला.

"अण्णा, पूर्वीच्या चालीवर आणतो. तेवढं तरी."

"तीच म्हणतोय. पूर्वीची. माझी."

मी आकडा परत पहिल्या जागी आणला. अण्णाने शर्टाला तळवे पुसले आणि गाडी सोडली. वाळवंटातच धडकली. पुन्हा सोडली. त्याचं बोट बटणावर पोचेपर्यंत वळण निघून जात होतं. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. मला उठून जावंसं वाटत होतं, पण तो बघत असताना मी कसा जाणार? शेवटी त्याने हात मागे घेतले. रडला नाही.

मग खुर्चीचे हात धरून उठायला लागला. मी हात पुढे केला तर त्याने मानेनेच नको म्हटलं. उठायला वेळ लागला, तरी उठला, आणि कॉटवर जाऊन बसला.

"बस तिथे," तो म्हणाला.

"मी?"

"मग कोण? बस. माझे हात गेले, श्रीवत्स. ते मी बघितलं आता, स्वतः बघितलं. रस्ता गेलेला नाही. चालव."

मी त्याच्या खुर्चीत बसलो. या खेळात मी पहिल्यापासून कच्चा. गाडी सुटली आणि पहिल्याच टेकाडापाशी माझे हात गोंधळले.

"ब्रेक वळणाच्या आधी मारतात, वळणात नाही," अण्णा म्हणाला.

पुढच्या वेळी जंगलापर्यंत गेलो.

"डावीकडे. डावीकडे रे, आंधळा आहेस काय? पूल येतोय, वेग सोड. सोड म्हटलं ना. अय्यो, एवढा शिकवला याला, कंपनी पगार कशाचा देते कुणास ठाऊक." आवाज खणखणीत होता, शेजारच्या घरात जाईल असा. मी पुलावरून खाली गेलो. "गाढवा, पुन्हा. पहिल्यापासून."

कित्येक महिन्यांत या घरात कोणी अण्णाच्या शिव्या ऐकल्या नव्हत्या. आम्ही त्याला इतकं जपत होतो की ज्याच्यावर रागवावं असं त्याला कोणी उरलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि पुढचा रस्ता दिसेना, तर त्यावरूनही बोलणी बसली.

वैनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी वळून बघितलं तशी ती जवळ आली आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "ओरडू दे त्यांना. तू आपला चुकत राहा."

मुद्दाम चुकायची गरजच नव्हती. मला येतच नव्हतं.