श्वासाचं सोंग

"काका, खांदे खाली. आता पुन्हा पहिल्यापासून."

किराणा दुकानदाराने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि आकडे मोजायला सुरुवात केली. वीस व्हायच्या आत त्याचे खांदे पुन्हा हळूच वर गेले. समोरच्या खिडकीतून कोणीतरी हसलं. दुकानदार म्हणाला, "अहो बाई, आयुष्यभर मापात कधी कोणाला फसवलं नाही, आणि तुम्ही एका श्वासावरून संशय घेता?"

"मापातलं तुमच्या गिऱ्हाइकांना विचारते," ती म्हणाली, "तुम्ही मोजा."

या वेळी त्याने नीट मोजले आणि तो सुटला. ती पुढच्या दारी गेली.

ती आरोग्यसेविका होती, पण साथ आल्यापासून गल्लीतल्या मुलांनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं. एरवी ती बाळांना लशी द्यायची, गरोदर बायकांची वजनं करायची. आता रोज सकाळी दारोदार जाऊन ताप कोणाला, खोकला कोणाला, हे बघायचं काम तिच्याकडे आलं होतं. ताप विचारला की सगळे नाहीच म्हणत. त्यात त्यांचा दोष होता असंही नाही. 'हो' म्हटलं की दाराला फीत लागायची, घरातलं माणूस गाडीत बसून जायचं आणि मग फक्त फोनवर भेटायचं. त्यापेक्षा खोटं बोललेलं काय वाईट, असं कोणालाही वाटलं असतं.

बोटाला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र असतं, ते रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतं. पण गावात माणसं हजारो आणि चिमटे मोजके. जिथे रुग्ण सापडत तिथे ते आधी जात. उरलेल्यांसाठी ही जुनी युक्ती होती. एका दमात मोठ्याने आकडे मोजायचे. फुप्फुसात दुखणं शिरलं असेल तर माणूस लवकर अडखळतो, त्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो. तो चोरून घेतला तरी खांदे उचलले जातात, आणि तिची नजर खांद्यांवरच असे. पैशाचं सोंग आणता येत नाही तसं श्वासाचंही आणता येत नाही, असं ती म्हणायची. हे वाक्य तिला स्वतःलाच आवडलं होतं. रोज वाढत जाणाऱ्या आकड्यांच्या बातम्या ऐकताना तेवढाच एक आधार वाटायचा.

गल्लीच्या टोकाला क्लॅरनेटवाले मास्तर राहत. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी उभी हयात वाजवलं होतं. आता लग्नंच थांबली होती. घरात ते आणि काकू, दोघंच. मास्तर दारातच खुर्ची टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून बसले होते. तोंडावर स्वच्छ धुतलेली पट्टी. काकू मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मास्तरांनी मोजायला सुरुवात केली आणि गल्ली शांत झाली. आवाज मऊ, एका लयीत, घाई नाही. आकडे पाण्यावरून गेल्यासारखे पुढे पुढे जात राहिले. खांदे जागचे हलले नाहीत. दुकानदाराच्या दुपटीच्याही पुढे ते गेले, तेव्हा खिडक्यांमधून टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं की साथ आली तर मास्तरांना घाबरून पळून जाईल. मास्तरांनी हात जरासा वर केला. नेहमी एखादा विनोद करत, तो आज केला नाही. तिने त्यांच्या नावापुढे खूण केली आणि उन्हाच्या आत उरलेली घरं उरकायला ती निघाली.

आरोग्यकेंद्र शाळेच्या इमारतीत हलवलं होतं. वर्गावर्गात खाटा होत्या आणि भिंतींवर मुलांनी काढलेले हत्ती, जहाजं, सूर्य. दुपारी सगळ्या सेविका पटांगणात एकमेकींपासून लांब लांब, पाठ करून डबा खायला बसत. मोठ्या सिस्टर या सगळ्यांच्या प्रमुख. त्या सांगत होत्या की इस्पितळातल्या खाटा भरत आल्या आहेत, आणि माणसं शेवटच्या क्षणी येतात, दम लागल्यावर. आधी सापडली तर काहीतरी करता येतं. ऐकताना मोजणीबाईला आपलं घर आठवलं. घरी म्हातारी सासू होती आणि लेक होती. गेले कित्येक दिवस ती स्वतः दारालगत वेगळी झोपत होती आणि लेक ताट जमिनीवरून तिच्याकडे सरकवायची.

डबा झाकून ती नळावर हात धुवायला गेली. साबण लावून वीस मोजायचे, ही शिस्त तिनेच सगळ्यांना लावली होती. ती मोजू लागली, आणि मोजता मोजता मास्तरांची लय तोंडात आली. सकाळपासून ती कानात घोळतच होती. एक, दोन, तीन, चार. मग किंचित थांबा. पाच, सहा, सात, आठ. पुन्हा तेवढाच थांबा.

तिचे हात फेसात तसेच राहिले.

गाण्यात असतो तसा तो थांबा होता, म्हणून कानाला खटकला नव्हता. उलट गोड वाटला होता. पण वाजवणारा माणूस तिथे काय करतो? तिला लहानपणी पाहिलेला बँड आठवला. भर रस्त्यात, चालता चालता, लांबच्या लांब सूर लावणारी माणसं. ती श्वास कधी घेतात ते कोणालाच कळत नसे. तिने खांदे पाहिले होते. पण ते लोक पोटातून श्वास घेतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून घेतात. मास्तर पुढे वाकून बसल्याने पोट झाकलेलं होतं आणि ओठ पट्टीआड.

ओल्या हातांनीच ती मोठ्या सिस्टरांकडे गेली आणि म्हणाली की तिला चिमटा हवा आहे, आत्ता. सिस्टरांनी विचारलं, कशाला. तिने सगळं सांगितलं. सांगताना जीभ अडखळत होती, कारण चूक तिची होती. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या खिशातला चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला.

"त्यांनी फसवलं असेल तर का फसवलं, तेही बघून ये," त्या म्हणाल्या. "नुसतं पकडून आणू नकोस."

गल्लीपर्यंतचा रस्ता तिने निम्मा पळत काढला. दार लोटलेलं होतं. काकूंनी आतूनच सांगितलं की ते झोपलेत, उद्या ये. आवाज नेहमीचा नव्हता. ती म्हणाली, "काकू, मी सकाळी चुकले. मला चूक सुधारू द्या." मग आतून मास्तरांचा आवाज आला, "येऊ दे तिला."

ते कॉटवर उशीला टेकून बसले होते. आता पट्टी नव्हती आणि ओठांचा रंग तिला आवडला नाही. तिने चिमटा बोटाला लावला. आकडा वर चढला, डळमळला, आणि ऐंशीच्या जरासा वर जाऊन थांबला. तो नव्वदीच्या बराच वर हवा होता. तिने दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं. तोच.

"किती दिवस झाले?"

"ताप चार-पाच दिवस. दम कालपासून," मास्तर म्हणाले. दोन शब्दांनंतर ते थांबत होते आणि आता ते लपवत नव्हते. "रागावू नकोस, पोरी. ऐकणाऱ्याला कळू न देता श्वास घ्यायचा, दुसरं केलं काय मी जन्मभर?"

"पण का मास्तर? टाळ्या घ्यायला?"

मास्तरांनी मान काकूंकडे वळवली. काकू कॉटच्या कडेला हाताने चाचपत बसल्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळी त्या भिंतीला टेकून का उभ्या होत्या. मधुमेहाने काकूंची नजर जवळजवळ गेली होती. रोज सकाळी जेवणाआधी त्यांना इन्सुलिनची सुई लागायची. सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. औषध भरायचे ते मास्तर, टोचायचे ते मास्तर. मूलबाळ नव्हतं. शेजारी चांगले होते, पण फीत लागलेल्या घरात कोण पाऊल टाकणार? मास्तर गाडीत बसले असते तर काकू या खोलीत एकट्या, बाटली हातात घेऊन बसल्या असत्या. दोघांनी मिळून ठरवलं होतं. सकाळी काकूंनीच पट्टी धुऊन दिली होती.

"हिचं कोण बघणार, ते सांग," मास्तर म्हणाले. "मग मी चालत येतो."

तिला तिची लेक आठवली, सासू आठवली. केंद्रात काम वाढतच होतं. काकूंनाही लागण झालेली असणार, म्हणजे रोज या घरात यायचं, रोज भीती घेऊन घरी जायचं. एवढं सगळं मनात येऊन गेलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"मी येईन सुई द्यायला. रोज. काकूंची तपासणीही आजच करून घेते."

"रोज म्हणजे रोज?"

"मास्तर, मी बाळांच्या लशी कधी चुकवल्यात?"

गाडी आली तेव्हा खिडक्या धडाधड बंद झाल्या. सकाळी टाळ्या याच खिडक्यांमधून आल्या होत्या. माणसं वाईट नव्हती, त्यांची पाचावर धारण बसली होती. नखशिखान्त झाकलेल्या दोघांनी स्ट्रेचर पुढे केलं. मास्तरांनी ते नाकारलं. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि ते भिंतीचा आधार घेत, मध्ये थांबत, चालत गेले. पायरीवर थांबून त्यांनी तिला रेघ कुठली ते दोनदा सांगितलं. पुढचं सांगायला त्यांना दम गोळा करावा लागला.

"बाटली आधी तळहातात धरायची. कोमट होईपर्यंत. गार टोचली की तिला दुखतं. ती बोलून दाखवत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. गाडीचा आवाज ज्या दिशेला गेला तिकडे त्या तोंड करून राहिल्या, गेल्यानंतरही.

मोजणीबाई रोज जाऊ लागली. काकूंना लागण झाली होती, पण हलकी. चिमट्यावरचा आकडा चांगला राहिला. दाराला फीत होती, ती वाकून तिच्याखालून आत शिरायची. किराणा दुकानदार, जो मापात कोणाला फसवत नव्हता, तो पायरीवर सामान ठेवून ठोठावून पळायचा. पळताना ओरडायचा की पैसे नंतर बघू, आधी जगू द्या. काकूंना त्याचं हसू यायचं. इस्पितळातून फोन यायचा. पहिले काही दिवस मास्तर स्वतः बोलले, थोडं थोडं. मग नर्स बोलायला लागली. मग नर्सही थोडकंच बोलू लागली.

एकदा तिने मोठ्या सिस्टरांना विचारलं, की सकाळीच ओळखलं असतं तर? त्या अर्ध्या दिवसाने फरक पडला असता का? सिस्टर हातमोजे नीट करत होत्या. म्हणाल्या, "ते कोणालाच सांगता येणार नाही. तुला नाही, मला नाही, डॉक्टरला नाही. चिमटा लवकर मागत जा, एवढंच आपल्या हातात आहे." तेव्हापासून ती मागायची. भांडून मागायची. आणि मोजून झालं की प्रत्येकाला विचारायची, घरात तुमच्या भरवशावर कोण आहे? आधी लोकांना हा प्रश्न विचित्र वाटला. मग उत्तरं येऊ लागली, आणि उत्तरांमागोमाग ताप आणि खोकलेही कबूल होऊ लागले.

एका सकाळी केंद्रात पाऊल टाकताच सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. पहाटे फोन आला होता. काकूंना इस्पितळाने कळवलंच होतं. अंत्यसंस्कार तिकडेच होणार होते, घरच्यांना जाता येणार नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, आज दुसऱ्या कोणाला पाठवू का? ती नाही म्हणाली.

गल्लीतून जाताना तिने बरीच वाक्यं जुळवली आणि मोडली. फीत आदल्या दिवशी निघाली होती, पण ती सवयीने दारात वाकली. काकू कॉटवर बसल्या होत्या. केस विंचरलेले, साडी नीट. उजव्या बाजूला तिच्यासाठी खुर्ची मांडलेली. बाटली फ्रिजमधून काढून काकूंनी स्वतःच दोन्ही तळहातांत धरली होती, किती वेळ कोण जाणे. ती हातात घेतली तेव्हा चांगली कोमट लागली.

तिने औषध भरलं. उजेडाकडे धरून रेघ पाहिली, पुन्हा पाहिली, कारण डोळ्यांत पाणी आलं की रेघा हलतात. मग ती रोजच्यासारखी काकूंच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

काकूंनी डावी बाही वर केली.

"ते एक दिवस हा हात, एक दिवस तो, असं करायचे," त्या म्हणाल्या. "तू रोज उजवाच घेतेस. सांगीन सांगीन म्हणत राहून गेलं. आज डाव्याची पाळी."

ती उठली, खुर्ची उचलली आणि दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.